पाण्याचा प्रायमर, वेल्डिंगजवळचा गंज आणि बोर्डोचं पाणी

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांचा प्रश्न आहे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या चासी ते बनवतात. ज्या कंपनीला माल जातो तिने गेल्या वर्षी थिनरचा रंग बंद करून कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी सॉल्व्हंट कमी असलेला, पाण्यात मिसळणारा रंग सक्तीचा केला. तेव्हापासून वेल्डिंगजवळ रंग वाळता वाळताच तपकिरी डाग उठतात, पावसाळ्यात कधी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे बारीक ठिपके दिसतात, आणि एक हंगाम वापरलेल्या काही चासी फोड येऊन परत आल्या आहेत. त्यांनी विचारलंय, "सर, प्रायमरमध्ये कोणतं अँटी-रस्ट केमिकल किती टक्के टाकू?"

मी चोवीस वर्षं रंगाच्या धंद्यात आहे. आधी लॅबमध्ये फॉर्म्युलेशन केलं, आता सातारा आणि सांगली-मिरज भागातल्या पेंट शॉपचं काम बघतो. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देतो: काहीही टाकू नका. टाकत असाल तर आजच थांबवा. तुम्ही ज्या तीन गोष्टी सांगितल्यात त्यांना आपण सरसकट गंज म्हणतो, पण ते तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हींवर एकच औषध दिलं तर तिसरा नक्की वाढतो.

पहिला आजार वेल्डिंगजवळच्या डागांचा. याला फ्लॅश रस्ट म्हणतात. रंग ओला असतानाच, काही मिनिटांत, त्यातलं पाणी उघड्या लोखंडाशी लागून गंज धरतं आणि तो गंज रंगातून वर येतो. वेल्डच्या कडेला स्लॅग आणि फ्लक्सचा अंश राहिलेला असतो, ग्राइंडरने घासलेलं ताजं लोखंड असतं, म्हणून तिथे सगळ्यात आधी.

दुसरा आजार सकाळच्या ठिपक्यांचा. हात लावल्यावर रंग वाळलेला वाटतो, पण फिल्म, म्हणजे वाळणारा थर, आतून अजून जुळलेली नसते. रात्री लोखंड थंड होतं, दव धरतं, आणि ओलावा त्या कच्च्या फिल्ममधून लोखंडापर्यंत पोचतो. पातळ हात मारला असेल, म्हणजे वाळून तीस-चाळीस मायक्रॉनच भरत असेल, तर हे हमखास.

तिसरा आजार फोडांचा. तो महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी दिसतो आणि खरं नुकसान तोच करतो. परत आलेल्या चासीवरचा एक न फुटलेला फोड घ्या आणि सुईने उचला. खालचं लोखंड तांबूस असेल तर तिथे गंजाची सुरुवात झालेली आहे. खालचं लोखंड चकचकीत असेल आणि फोडात पाण्याचा थेंब असेल, तर रंगाखाली किंवा रंगात पाण्यात विरघळणारा क्षार बसलेला आहे असं धरून चला. मागच्या पावसाळ्यात मिरजेजवळच्या एका शॉपमध्ये मी असाच फोड उचलला. खाली पत्रा आरशासारखा होता. तो थेंब पीएच कागदावर टेकवला तर कागद लगेच हिरव्या-निळ्याकडे गेला, म्हणजे पाणी अल्कली होतं. त्यावरून मी धरलं की नुसती रंगाची जात बदलून काही होणार नाही, आधी तो क्षार कुठून आला ते शोधावं लागेल.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. कुठलाही रंग पाणी शंभर टक्के अडवत नाही. मेन या ब्रिटिश संशोधकाने १९५० च्या आसपास मोजून दाखवलं होतं की साध्या रंगाच्या फिल्ममधून जेवढं पाणी आणि ऑक्सिजन आत जातो तेवढा गंजायला पुरेसा असतो. तरीही रंगाखालचं लोखंड टिकतं, कारण चांगली फिल्म क्षारांचे आयन हलू देत नाही आणि ओली असतानाही लोखंडाला घट्ट धरून असते. म्हणजे आपली लढाई क्षारांशी आहे. फिल्मच्या आत किंवा खाली क्षार राहिला की तो बाहेरचं पाणी आत ओढतो, फोड येतो, पकड सुटते, आणि मग गंज आरामात पसरतो.

आता तुमच्या "अँटी-रस्ट केमिकल"कडे या. बाजारात पाण्याच्या रंगासाठी जे सुटं मिळतं ते बहुतेक वेळा सोडियम नायट्राइटचं द्रावण असतं. फ्लॅश रस्टवर ते खरंच काम करतं, लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसवतं. पण त्याची मात्रा एकूण रंगाच्या ०.१ ते ०.३ टक्के एवढीच लागते, आणि तेवढं बहुतेक वेळा कंपनीने डब्यात आधीच घातलेलं असतं. डाग दिसला की रंगारी झाकणभर आणखी ओततो, डाग थांबतो, सगळे खूश. ते झाकणभर नायट्राइट म्हणजे फिल्ममध्ये कायमचं मीठ आहे. आज डाग थांबला, श्रावणात फोड आला. शिवाय नायट्राइट विषारी आहे, आणि काही अमाइनांशी त्याचा संयोग होऊन कॅन्सरकारक नायट्रोसामाइन बनू शकतात. झेपेल तसं मिसळायची ही वस्तू नाही.

दुसरा क्षार तुमच्या नळातून येतो. आपल्याकडे कृष्णाकाठी, वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात जमिनी क्षारपड का झाल्या ते तुम्हाला सांगायला नको. त्या भागातल्या अनेक बोअरच्या पाण्यात तेच क्षार असतात. त्याच पाण्याने चासी धुता, त्यानेच रंग पातळ करता. आरओच्या दुकानात मिळतो तो टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन आणा आणि आपल्या टाकीत बुडवून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आकडा हजाराच्या वर होता आणि तो माणूस वर्षभर रंग कंपनीशी भांडत होता. रंग पातळ करायला आणि फॉस्फेटिंगनंतरच्या (रंगाआधी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवल्यानंतरच्या) शेवटच्या धुण्याला डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, किंवा चांगलं आरओ पाणी वापरायचं, यात तडजोड नाही. शेवटच्या धुण्यानंतर चासीवरून निथळणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी ५० मायक्रोसिमेन्सच्या खाली असावी, असा माझा शॉपमधला नियम आहे.

तिसरा क्षार सेव्हन टँकमधून, म्हणजे धुण्याच्या, अॅसिडच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांच्या रांगेतून येतो. फॉस्फेटिंग करून घेत असाल तर ते उत्तमच, पण पाइपच्या आत, अँगलच्या सांध्यात, अर्धवट वेल्ड केलेल्या फटीत अॅसिड आणि फॉस्फेटचं पाणी अडकतं आणि रंग मारल्यावर हळूहळू बाहेर झिरपतं. चासीला खालच्या बाजूने निथळायची भोकं ठेवा आणि फटी वेल्डने बंद करा. रस्ट कन्व्हर्टर लावून त्यावर थेट पाण्याचा प्रायमर मारणं तर बंदच करा. त्यातलं उरलेलं अॅसिड पाण्याच्या रंगाचं इमल्शन दुधासारखं फाडतं. थिनरच्या रेड ऑक्साइडने हे सगळं वर्षानुवर्षं सहन केलं, पाण्याचा रंग करत नाही.

तेलाचंही तसंच. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, थिनरचा तिशीच्या खाली. थिनरचा रंग हलकं तेल विरघळवून आत घ्यायचा, पाण्याचा रंग त्यावरून मागे सरकतो आणि डोळे, म्हणजे गोल उघडे खळगे, पडतात. आणि मळक्या फडक्याने, थिनरने पुसणं म्हणजे तेल सगळ्या पत्र्यावर सारखं पसरवणं. अल्कली डीग्रीझरने धुवा, मग स्वच्छ पाणी सोडून बघा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. मोती होऊन फुटला तर परत धुवा. या चाचणीला एक पैसा लागत नाही आणि मी आजही ती स्वतःच्या हाताने करतो. शक्य असेल तर शॉट ब्लास्टिंग, म्हणजे लोखंडी छऱ्यांचा मारा, करून घ्या. एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यावरची मिल स्केल, म्हणजे कारखान्यातच धरलेली काळी ऑक्साइडची खपली, काढल्याशिवाय त्यावर कितीही महाग रंग मारला तरी तो स्केलसकट सुटतो. वेल्डचे स्पॅटर आणि धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो आणि तिथे वाळून वीस मायक्रॉनसुद्धा उरत नाही. वेल्ड आणि कडांवर आधी ब्रशने एक हात मारून मग स्प्रे करा. ब्लास्ट केलेल्या लोखंडावर त्याच दिवशी, पावसाळ्यात तर तीन-चार तासांच्या आत प्रायमर बसला पाहिजे.

आता फिल्म जुळण्याबद्दल. कमी व्हीओसीची खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. पाण्याच्या रंगात रेझिनचे गोळे असतात, एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे. पाणी उडतं, गोळे एकमेकांना खेटतात, मग दबून एकजीव होतात. रव्याचा लाडू वळताना रवा कोमट आणि तूप पुरेसं असेल तर लाडू बसतो. तूप कमी आणि रवा गार असेल तर वरून गोल दिसतो, बोटाने दाबला की भुगा. रंगात हे तुपाचं काम कोअॅलेसिंग सॉल्व्हंट करतो, आणि व्हीओसी कमी करायचा म्हणजे नेमका तोच कमी करायचा. म्हणून रंग कंपन्या मऊ रेझिन घेतात, किंवा आत कडक, बाहेर मऊ अशा दुहेरी गोळ्याचं रेझिन घेतात. पण तूप कमी असलेल्या रंगाला ऊब आणि कोरडी हवा जास्त लागते, हे डब्यावर कोणी ठळक लिहीत नाही.

जुलैत आपल्याकडे काय होतं? हवेत आर्द्रता जास्त असली की पाणी उडायचं फार मंदावतं, पण कोअॅलेसिंग सॉल्व्हंटला आर्द्रतेचं काही देणंघेणं नसतं, तो उडत राहतो. पाणी जाईपर्यंत तूप संपलेलं. फिल्म वरून गुळगुळीत दिसते, आत बारीक वाटा राहतात. हिशोब करून बघा: हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २२ अंश. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं, म्हणजे २५. रात्रभर शेडमध्ये उभी असलेली जाड चॅनेलची चासी सकाळी आठला हवेपेक्षा गार असते. म्हणजे तुम्ही दवावरच रंग मारताय. हातातलं लेझर थर्मामीटर आणि भिंतीवरचं हायग्रोमीटर, दोन्ही मिळून फारसा खर्च नाही. पावसाळ्यात रंग सकाळी दहा-अकरानंतर सुरू करा, तीनपर्यंत संपवा. साताऱ्याकडे थंडीतल्या सकाळी लोखंड दहा अंशांच्या जवळ असतं, तिथेही तेच.

ओव्हन नसेल तर निराश होऊ नका. पाण्याच्या रंगाला नुसत्या उष्णतेपेक्षा वाहती हवा जास्त लागते. साताऱ्यातल्या एका शॉपमध्ये आम्ही ताडपत्रीचा बोगदा केला, एका टोकाला हीटर आणि पंखा, दुसरं टोक उघडं. आत चाळीस-पंचेचाळीस अंश. ती ओली हवा बाहेर जाते हे महत्त्वाचं. आधी त्यांनी दोन्ही टोकं बंद ठेवली होती, तर आत नुसती वाफ कोंडत होती आणि ठिपके वाढले होते. एक टोक उघडल्यावर सकाळचे ठिपके गेले.

कोणता रंग घ्यावा हे मात्र चासी कुठे जाणार यावर अवलंबून आहे. घरातलं रॅक किंवा शेडमधलं मशीन असेल तर चांगला एक-घटकी अॅक्रिलिक प्रायमर पुरतो. तुमची चासी बागेत जाते, आणि बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, आहे. तासगावचा कुठलाही बागायतदार मोरचूद आणि कळीचा चुना मिसळल्यावर त्यात लोखंडाची पट्टी किंवा विळा बुडवून बघतो. पात्यावर लालसर तांबं चढलं तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला. टाकीखालच्या तुमच्या चासीवर हीच परीक्षा रोज होते. रंगात टाचणीएवढं भोक असेल आणि मोकळं तांबं असलेलं पाणी तिथे पोचलं, तर तांबं लोखंडावर बसतं, त्या तांब्याशेजारचं लोखंड झपाट्याने खाल्लं जातं आणि खड्डा पडतो. उलट चुना जास्त झाला तर द्रावण अल्कली, आणि अल्किड रंग अल्कलीत साबणासारखा सुटतो. तुमचा जुना रेड ऑक्साइड आणि वरचा इनॅमल हे अल्किडच होते, तेही बागेत फार टिकत नव्हते, आठवून बघा. पाण्याच्या अल्किड इमल्शनचीही तीच गत.

म्हणून तुमच्यासाठी मी दोन-घटकी पाण्याचा इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन-घटकी पाण्याचा पीयू (पॉलीयुरेथेन) सांगेन. किंमत जास्त पडेल. प्रायमरमध्ये झिंक फॉस्फेट किंवा त्याची सुधारित जात, झिंक अॅल्युमिनियम फॉस्फेट, आहे का ते डेटा शीटवर बघा. झिंक क्रोमेट कोणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. ते गंजाला उत्तम अडवतं, पण त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे आणि ते तुमच्या रंगाऱ्याच्या छातीत जाणार आहे.

दोन-घटकी इपॉक्सीत एक धोका सगळ्यांना नडतो. थिनरचा इपॉक्सी वेळ संपली की घट्ट होतो, कळतं. पाण्याचे बरेच इपॉक्सी वेळ संपल्यावरही डब्यात पातळच राहतात, बंदुकीतून छान उडतात, वाळतातही. पण ती फिल्म मेलेली असते, चमक उतरते आणि पकड नसते. बेस आणि हार्डनर एकत्र केल्याची वेळ डब्यावर मार्करने लिहा आणि पॉट लाइफ, म्हणजे मिसळलेला रंग वापरायची मुदत, संपली की उरलेला रंग टाकून द्या, जीवावर आलं तरी. मिसळताना आधी बेस आणि हार्डनर नीट घोटा, पाणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं.

जाडीबद्दल एवढंच. व्हॉल्यूम सॉलिड (वाळून उरणारा भाग) ४० टक्के असलेला रंग ओला १५० मायक्रॉन मारला तर वाळून ६० उरतो. रंगाऱ्याने सवयीने वीस टक्के पाणी घालून पातळ केला तर पन्नासच. ओल्या थराची जाडी मोजायचा वेट फिल्मचा कंगवा बंदुकीशेजारी लटकवून ठेवा. तुमच्या कामाला दोन हातांत प्रायमर ८० ते १०० मायक्रॉन हवा. एकाच जाड हातात मारायला जाऊ नका, वर कातडी धरते आणि पाणी आत अडकतं.

रंग कंपनीवाला "सॉल्ट स्प्रे ५०० तास" म्हणेल. त्याला विचारा, कुठल्या पत्र्यावर, किती मायक्रॉनवर, आणि खरवडलेल्या रेषेपासून गंज किती मिलिमीटर सरकला? झिंक फॉस्फेट केलेल्या गुळगुळीत सीआर (कोल्ड रोल्ड) पॅनेलवरचे ५०० तास तुमच्या वेल्ड केलेल्या एचआरवर लागू होत नाहीत. शिवाय त्या चाचणीत पाच टक्के मिठाचं धुकं ३५ अंशांवर अखंड असतं, कोरडं कधी होतच नाही. बागेतली चासी रोज भिजते आणि रोज वाळते. म्हणून स्वतःच्या पट्ट्या करा. तुमच्याच एचआरचे सहा तुकडे, मधोमध वेल्डचा एक पट्टा, तुमच्याच शॉपमधली धुण्याची आणि रंगाची पद्धत. सात दिवस मुरू द्या. दोन तुकडे एक दिवस डीएम पाण्यात बुडवा, बाहेर काढून पुसा आणि दहा मिनिटांच्या आत काटछेद करून, म्हणजे ब्लेडने रंगावर आडव्या-उभ्या रेघा पाडून, टेप ओढा. ओल्या फिल्मची पकड हीच खरी परीक्षा. दोन तुकड्यांवर फुलीची चीर पाडून रोज बोर्डोत बुडवा आणि उन्हात टांगा. उरलेले दोन तुलनेला कोरडे ठेवा. महिनाभरात तुम्हाला जे दिसेल ते कुठल्याही ब्रोशरपेक्षा तुमच्या कामाचं असेल.

राहिल्या परत आलेल्या चासी. फोड आलेल्या भागावर वरून हात मारून त्या परत पाठवू नका, खाली क्षार तसाच आहे. ज्यांच्यावर फोड दोन-चार जागीच आहेत त्यांचा रंग घट्ट लागेपर्यंत मागे घासा, गरम आरओ पाण्याने दोनदा धुवा, वाळवा, मग प्रायमर. फोड सगळीकडे असतील तर ब्लास्टिंगला टाका. पण त्याआधी प्रत्येक चासीवर फोड कुठे आहेत त्याचे फोटो काढून ठेवा. टाकीच्या झाकणाखाली आणि निथळणाऱ्या कोपऱ्यात असतील तर बोर्डोकडे बघा, वेल्डजवळच्या फटींत असतील तर सेव्हन टँककडे, आणि सपाट पत्र्यावर सगळीकडे सारखे असतील तर पाण्याच्या टाकीत टीडीएसचा पेन बुडवून येणारा आकडा इथे लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.